आमच्या धुराड्यातून धूर येत नाही

३ मे
मे उजाडला, आता इथे ऑगस्टपर्यंत थंडी. लाकडं आली. निलगिरी. क्लबातल्या केविननं ट्रेलर भरून अंगणात ओतली. स्वस्तात. एकेक ओंडका उचलताना कंबर बोलायला लागली. जड लाकूड म्हणजे कसदार लाकूड. ग्लेनिस म्हणाली, नेव्हिल, शहाणी माणसं लाकडं वसंतात घेतात आणि उन्हाळाभर वाळवतात, तू थंडीच्या तोंडावर आणलीस आणि त्यातून पाणी ठिबकतंय. पाणी नाही ते, लाकडाचा अर्क आहे. बायकोला कोण सांगणार?
सगळी रास ताडपत्रीत गच्च बांधली. आता ओल आत शिरायची सोय नाही.

८ मे
शेगडीचा शुभारंभ. झोपताना वडिलांची पद्धत: पोटभर ओंडके कोंबायचे आणि हवेची झडप गच्च बंद. आग रात्रभर पेंगत राहते, सकाळी निखारे तयार. आमच्या खोऱ्यात प्रत्येक बाप पोराला हे शिकवायचा. आता लोकांनी भिंतीवर घर गरम करायचे विजेचे हीट पंप टांगलेत. गल्लीत चालू धुराडी उरली दोनच, आमचं आणि समोरच्या मर्लबाईंचं. कला बुडत चालली.
शेगडीच्या दाराची काच काळीकुट्ट झाली. ग्लेनिसनं विचारलं, आत आग आहे का, की मी उगाचच इथे हात शेकत बसलेय?

१४ मे
कौन्सिलची मुलगी येऊन गेली. टीना. बोलायला गोड. म्हणाली, पेटवताना थोडा वेळ धूर झाला तर चालतो, नंतर धुराड्यातून धूर दिसता कामा नये, असा नियम आहे; तुमच्या गल्लीवर रोज सकाळी धुराचा पडदा असतो. दंडबिंड नाही, नुसता सल्ला: सुकं लाकूड जाळा, झडप उघडी ठेवा, रात्री आग कोंडू नका आणि पेटवा वरून खाली.
माझ्या लगेच लक्षात आलं. मर्लबाई! वय ऐंशीच्या घरात, नवरा गेलेला, शेगडी झेपत नसणार बिचारीला. टीनाला गेटपाशी नेऊन त्यांचं धुराडं दाखवलं. त्यातून धूर येत नव्हता. टीना म्हणाली, हो ना, तेच म्हणतेय मी. समंजस मुलगी.

२१ मे
शोनाचा फोन. पुढच्या महिन्यात कॅलमला घेऊन आठवडाभर येतेय! नातू फेब्रुवारीत झाला आणि लगेच छातीच्या दुखण्यानं हॉस्पिटलात पडला, त्यामुळे मी त्याला अजून फोनवरच पाहिलाय. कान माझ्यावर गेलेत. डॉक्टरांनी बजावलंय, धुराच्या आसपास फिरकायचं नाही. शोनानं सरळ विचारलं, बाबा, शेगडी धूर करते का? करत असेल तर आम्ही मोटेलात उतरू. मी म्हटलं, धुराची रेघसुद्धा नाही. मागे ग्लेनिस खोकली. मुद्दाम.
शोनाचा पाळणा माळ्यावरून काढला. ती व्हायच्या आधी मीच बनवलेला. वार्निशचे तीन हात दिले. एकानं भागलं असतं. त्या पोराला एकदा मांडीवर घ्यायचंय, दुसरं काही नको.
संकल्प: शेगडी आदर्श चालवायची.

२८ मे
लाकडाची ओल मोजायचा मीटर आणला. ओंडक्याच्या सालीला टोचला. उत्तम! ग्लेनिस म्हणाली, ओंडका फोड आणि आत टोच. टोचला. मीटर बोंबलायला लागला. यंत्र बिघडलेलं. परत नेलं तर दुकानदारानं काउंटरला टोचून दाखवलं, अगदी बरोबर चाललं. आमच्या अंगणात आणलं की पुन्हा बिघडतं.

२ जून
टीनाची युक्ती केली. ओंडके खाली, ढलप्या वर, काडी सगळ्यात वर. आग वर जाते हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण म्हटलं, सरकारचा मान राखू. ढलप्या जळून गेल्या, ओंडके नुसते फुसफुसत बसले. माझं काय चुकलं? काही नाही.
ग्लेनिस मर्लबाईंना ताजे भाजलेले स्कोन द्यायला गेली. ढकलगाडी घेऊन. स्कोनला ढकलगाडी? बायकांचं काही सांगता येत नाही.

४ जून
जमलं! टोपलीतलं लाकूड काडीसरशी पेटलं, काच स्वच्छ, आग सोन्यासारखी. ओंडके बारीक आणि हलके झालेत. ताडपत्रीचा गुण. रस्त्यावर जाऊन पाहिलं, धूर नाही. ग्लेनिसला म्हटलं, अनुभव म्हणतात तो हा. ती म्हणाली, हो रे बाबा.

६ जून
आले! शोनानं दारातच वास घेतला, मागे सरून धुराड्याकडे पाहिलं आणि माझ्या गळ्यात पडली. कॅलम वाटेतच झोपलेला, तसाच शेगडीजवळ पाळण्यात ठेवला. झोपेतच त्यानं माझं बोट धरलं. झोपमोड नको, मांडीवर उद्या घेईन.
ग्लेनिस झोपायला जाताना म्हणाली, झडपेला हात लावू नकोस, आग आपली आपण विझू दे. पण पहाटे इथे नळसुद्धा गोठतो. पोराला थंडी वाजली तर? आजोबा कशाला असतात? टोपली रिकामी होती. ताडपत्रीतले जाडजूड ओंडके आणून ठासले. झडप गच्च. वडील असते तर खूश झाले असते.

७ जून
पहाटे धुराचा अलार्म बोंबलला. घरभर धूर. शोनानं कॅलमला ब्लँकेटात गुंडाळलं आणि रस्ता ओलांडून थेट मर्लबाईंकडे गेली. पोर ठीक आहे. शिंकलं, इतकंच. मी तिची पिशवी उचलली, ती शोनानं माझ्या हातातून काढून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
टीनाची गाडीही नेमकी गेटपाशी. मी म्हटलं, वारा उलटा आहे. ती म्हणाली, आज वाराच नाहीये.
दुपारी मी आणि ग्लेनिसनं पाळणा उचलून मर्लबाईंकडे पोचवला. त्यांच्या अंगणात लाकडांची रास: बारीक फोडलेली, चारी बाजूंनी मोकळी, डोक्यावर फक्त पत्रा. ओंडके ओळखीचे वाटले. चार तारखेपासून मी हेच जाळत होतो. ग्लेनिस म्हणाली, पेटली का ट्यूब? मी म्हटलं, केव्हाच.

९ जून
मर्लबाईंनी मला आणि ग्लेनिसला चहाला बोलावलं. दारातच मला कोट आणि स्वेटर काढायला लावला, धुराचा वास पोराजवळ नको म्हणून. त्यांच्या नवऱ्याचा जुना स्वेटर चढवला. बाह्या कोपरापर्यंत. म्हणाल्या, नेव्हिल, तुझी लाकडं फोड, ताडपत्री काढ, उन्हाळाभर वारा लागू दे त्यांना. पुढच्या थंडीत पोरगं तुझ्या घरी झोपेल. मी म्हटलं, माझा तोच प्लॅन होता.
खिडकीतून आमचं धुराडं दिसत होतं. धुराची रेघसुद्धा नाही. शोनाला दाखवलं. ती म्हणाली, बाबा, शेगडी विझलीये. पण हसली.
मर्लबाईंची झडप मात्र बरीच उघडी. केवढं लाकूड वाया! माझा हात आपोआप तिकडे गेला. तिघी एकदम ओरडल्या. मर्लबाईंनी मग पाळण्यातून कॅलमला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. दोन्ही हात गुंतले.
चांगला जड आहे. कसदार. थोड्या वेळानं कळलं, ओलाही आहे. मी कुणाला सांगितलं नाही. लगेच उचलून नेलं असतं त्याला.