चहा निवायच्या आत

पप्पा,

मी हॉस्पिटलात जातेय. घाबरू नका, कुणाला काही झालेलं नाही. अर्धे कपडे इस्त्रीचे राहिलेत, वायर काढून ठेवलीय. गोळी काहीतरी खाऊनच घ्या.

आई गेली तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरना मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुमच्या हलगर्जीपणानं गेली ती!" ते खोटं होतं, आणि बोलतानाच मला ते ठाऊक होतं. त्या आईची चादर तेवढी नीट करत राहिल्या.

तेव्हापासून प्रार्थनेला बसले की देव एकच सांगतो, जा आणि माफी माग. आणि मी त्याला दुसरंच काहीतरी देऊ करते. चर्चमधली फुलं मी लावली, बाकं पुसली, मुलांचा वर्गही घेतला. लोक म्हणाले, "अगदी आईवर गेलीस हो!" मला मान वर करवेना. आईला देवानं काही करायला सांगितलं, की ती चहा निवायच्या आत चपला घालून निघायची. तुम्ही चिडवायचात, "अगं, त्याचं बोलणं तरी पुरं होऊ दे!"

त्या सिस्टरची बदली झालीय, आज सकाळी त्यांची इथली शेवटची पाळी संपते, हे काल तुम्हीच सांगितलंत. मी तेव्हाही विषय बदलला.

काय बोलायचं ते ठरलेलं नाही. ठरवत बसले तर बसूनच राहीन.

तुम्ही उठाल तोवर टेबलावरचा माझा चहा गार झाला असेल. आत्ता त्यातून वाफ येतेय.