वैनीचा बसलेला फोटू

४ डिसेंबर
पाचटाच्या कोपी घातल्या. फड कारखान्यापासून लांब हाय. हिशेबाला दादा-वैनी मिळून एक कोयता धरत्यात. मी बिनलग्नाचा, म्हणून अर्धा. मुकादम सगळ्यांपुढं म्हणला, "दुष्काळात बैलाच्या मोलाचा कॅमेरा घेतला ह्यानं. का रं, त्याच्याशीच लगीन लावतो का?" सगळे हसले. मी पण.
कॅमेरा जुनाच हाय. बीडच्या एका स्टुडिओवाल्यानं दुकान मोडलं तवा घेतला. पैसे कमी पडले तर वैनीनं तिची शेळी विकली. म्हणली, जनावरांच्या छावणीत शेळ्या घेत न्हाईत, चारा न्हाई, जाणारच होती. बदल्यात तिचा एक फोटू. बसलेला. लग्नातल्या फोटूत डोळे मिटलेत तिचे.

११ डिसें.
वैनी नवी साडी नेसून कोपीपुढं बसली. ऊन डोक्यावर. डोळ्याखाली काळी सावली पडत होती. म्हणलं, आज नको, उजेड नीट न्हाई.
"उजेडाला काय धाड भरली?" म्हणली. साडी बदलून मोळ्या बांधायला गेली.
रोल एकच. ३६ फोटू. उगं घालवायचा न्हाई.

२९ डिसें.
आज बी वैनीला म्हणलं, फोटूला थांब, उजेड न्हाई. तिसऱ्यांदा. दादा म्हणला, "तिला थांबाया येळ कुठाय?"

८ जाने.
सकाळी ट्रक भरताना. वैनी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं चढत होती. एक पाय फळीवर, एक वर. मागनं सूर्य, धुळीतनं ऊन आरपार. हात आपसूक गेला. काढला. तिला कळलं न्हाई.
हाच तो. असा परत येत न्हाई. दिवसभर कोयता हलका लागला.

२ फेब्रु.
गेल्या बाजारी रोल धुवायला दिलता, आज आणला. ३६ मधी वैनी बसलेली एक बी न्हाई. फळीवरचा इथल्या स्टुडिओवाल्यानं उजेडाला धरून दोनदा बघितला. मग म्हणला, हा मोठा करून काचेत लावतो, त्याच्या बदल्यात नवा रोल ने. आणला. आता वैनीचा बसलेला ह्याच्यात.

९ फेब्रु.
वैनी बाजारला गेलती. आल्या आल्या चूल पेटवली. भाकरी थापता थापता एकदम,
"दुकानात टांगलंय मला. पदर खोचलेला, पोटऱ्या उघड्या, तोंड वाकडं. माणसं थांबून बघत्यात."
म्हणलं, वैनी, लई भारी आलाय तो.
"शेळी माझी, तोंड माझं. इचारलं का तुमी, भावजी?"
न्हाई इचारलं.

१० फेब्रु.
खाडा केला, गेलो. स्टुडिओवाला म्हणला, रोल परत दे, फोटू ने. दिला. येताना वाटंत चार-पाच वेळा पिशवीतनं काढून बघितला. भारीच हाय. म्हणूनच जास्त डाचतं.
वैनीनं पेटीत तळाला घातला, पालथा. फाडला न्हाई.

२६ मार्च
कारखान्याचा पट्टा पडला. हंगाम संपला. गुलाल, ट्रकला ऊस बांधला. सगळे म्हणत होते, काढ की फोटू. कॅमेरा रिकामा. मुकादम म्हणला, गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. दादा म्हणला, देऊन टाक, घरी गेल्यावर काय खायचं?
वैनी मधीच, "द्यायचा न्हाई. माझा फोटू राह्यलाय."
दादा बोचकी बांधाया लागला.

२ एप्रिल, घरी, शिरूर
टँकर आला न्हाई. हंडे रांगेत, बाया घरी. वैनी दारात बसली. काम नसताना बसलेली पहिल्यांदाच बघितली.
"आणा तुमचा कॅमेरा."
म्हणलं, रोल न्हाई वैनी.
"म्हाईत हाय. बिनरोलचं बघा. मला बसायची सवय तरी होईल."
डोळा लावला. उजेड नीट होता. वैनी ताठ बसली. हात मांडीवर ठिवले. उचलले. पदराला पुसले, परत ठिवले.
"भावजी, हात कुठं ठिवत्यात?"
बोट खटक्यावर, तसाच बघत राह्यलो.