मास्तर होते, तेवढं पुरे होतं

गुरुजी, मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. पण मले आज तुमचा राग आला, न तो तुम्हालेच ऐका लागन.

आधी खुशीची गोष्ट. माहा नातू मास्तर झाला, ढाणकीकडच्या शाळेत गणित शिकवते. पहिला पगार आल्या आल्या त्यानं मले चष्मा करून देला, म्हणून तर हे लिहून राह्यली. दिसाले देखणा आहे. आमच्या खानदानात सरळ नाक त्याले एकट्यालेच आलं. तर नववीतली एक पोरगी त्याच्यावर जीव लावून बसली. रोज टेबलावर गुलाबाचं फूल, बाकीच्या पोरी खिदळते. हेडमास्तरनं याले बोलावलं न म्हणे, "सोप्पं आहे सर. राखी आलीच जवळ. सगळ्यांसमोर तिच्याकडून बांधून घ्या, विषय खतम."

हे ऐकता ऐकता माही भाकर तव्यावरच करपली.

गुरुजी, मारेगावची आपली सातवी. पत्र्याचा वर्ग, पाऊस आला की तुमचा आवाज ऐकू येत नसे, मी तरी तोंडाकडे पाहत बसो. तुमच्यासाठी मक्याचं भाजलेलं कणीस पळसाच्या पानात गुंडाळून आणो. मले काय होऊन राह्यलं, ते मलेच कुठी समजे? तुमची नजर साफ होती, हे मी कोणापुढेही सांगीन. पण राखीच्या दिवशी प्रार्थनेले तुम्ही मले पुढे बोलावलं, मनगट समोर केलं न म्हटलं, "बांध बाई, आजपासून मी तुहा भाऊ." सारी शाळा हासली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी बाबानं दप्तरच उचलू देलं नाही. "मास्तराले राखी बांधा लागली, म्हणजे काहीतरी असनच!" तुम्ही मोकळे झाले. मी घरी बसली.

कायले झाले भाऊ? मास्तर होते, तेवढं पुरे नव्हतं? मास्तरकी म्हणजेच हद्द असते न, तिच्यावर आणखी धागा कायले लागते? न झालेच होते भाऊ, तर बहीण शाळेत काहून येत नाही, हे विचाराले एक दिवस तरी आमच्या दारात याचं होतं.

मी नातवाले म्हटलं, "त्या हेडमास्तरले सांग, तूच बांधून घे गंडा! न तू काय म्हटलं रे?"

"नाही म्हटलं आजी."

त्यानं मराठीच्या बाईले सोबत बसवलं, दार उघडं ठेवलं, न पोरीले सांगितलं, "बेटा, कोणी आवडणं हा गुन्हा नाही. पण फूल आणू नको. मी तुहा सर आहे, सरच राहीन. उद्याची गणितं करून आण." खिदळणाऱ्या पोरींचीही खरडपट्टी काढली. पोरगी रडली म्हणे. दुसऱ्या दिवशी आलीच नाही, माहा जीव टांगणीले. मग आली. मागच्या बाकावर बसली, पण आली. मी त्याले पुन्हा पुन्हा विचारलं, आली न रे? खरंच आली न?

नातू थट्टा करते, "दे आजी, टाकतो टपालाच्या पेटीत." कुठच्या पत्त्यावर टाकतं रे बाबा! ठेवीन कागद उशाखाली. एक मात्र सांगते गुरुजी, हा कागद दुसरा आहे. पहिल्यावर रागानं अक्षर वाकडं आलतं, न ते तुम्हाले दाखवाची लाज वाटली.