तात्यांच्या आवाजावर चालणारी मोटार

२ जानेवारी, गुरुवार

आले बाई एकदाची सासरी नांदायला! लग्नाला दोन वर्षं झाली, पण पिंपरीच्या भाड्याच्या खोलीत नांदणं ते काय नांदणं, असं सासूबाईंचं मत. आता सुयोगला बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली, माझं काम लॅपटॉपवरचं, म्हणून काटेवाडीच्या या मळ्यातल्या घरात सामान उतरवलं. पुढे अंगण, मागे डाळिंबाची बाग, बागेच्या टोकाला विहीर. सासूबाईंनी, म्हणजे शकुबाईंनी, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच मी किती वाळलेय ते जाहीर केलं. मला घर आवडलं.

स्वयंपाकघरात फ्रिजवर एक पांढरी डबी आहे, तिला हब म्हणायचं. सुयोगने दोन वर्षांपूर्वी बसवली. दिवे, पंखे, फाटक, विहिरीवरची मोटार, सगळं तिला जोडलेलं. इंटरनेट लागत नाही, बोललेलं घरातल्या घरात राहतं. ‘पंखा लाव’ म्हटलं की आतली बाई शुद्ध मराठीत ‘पंखा लावला आहे’ म्हणते. सासूबाई तिला भवानी म्हणतात.

४ जानेवारी

मोटार मात्र माझं ऐकत नाही. ती फक्त तात्यांच्या आवाजावर चालते. तात्या म्हणजे माझे सासरे, सावळाराम. गेल्या उन्हाळ्यात विहिरीत शॉक बसून गेले. मोटारीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे, म्हणून त्यांनी हट्टाने तसं करून घेतलं होतं.

मग आता बागेला पाणी कसं देता, असं विचारलं तर सासूबाईंनी मोबाइल काढला. तात्या एकदा इंदापूरला लग्नाला गेले होते, तेव्हा बागेचं पाणी अडू नये म्हणून त्यांनी एक व्हॉइस मेसेज पाठवला होता. तो लावून सासूबाईंनी मोबाइल डबीसमोर धरला. तात्या म्हणाले, मोटार चालू कर. आणि बागेपलीकडे मोटार घुरघुरली. मला हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली.

९ जानेवारी

एक गोष्ट रोज पाहते. मेसेज लावायच्या आधी सासूबाई क्षणभर थांबतात आणि ‘न्हाय कुणी’ असं पुटपुटतात. सुयोगने सांगितलं, की तात्यांची ती पद्धत होती. मळ्यातली पोरं पोहायला उतरलेली असत, म्हणून विहिरीत हाक मारल्याशिवाय आणि कुणी नाही असं कळल्याशिवाय ते मोटार लावत नसत. डबी आल्यावर हाक स्वयंपाकघरातून सुरू झाली आणि उत्तर द्यायचं काम सासूबाईंकडे आलं. सवय राहिली असणार. मला गलबलून आलं.

१४ जानेवारी, संक्रांत

माझा आगाऊपणा नडला. काल मी हबमधून तात्यांचा आवाज काढून माझा घातला. सासूबाईंनी अबोला धरलाय. त्यात मोटार चालते पण पाणी ओढत नाही. खाली पाइपच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह शेवाळाने तुंबलाय म्हणे.

दुपारी आम्ही दोघी तिळाचे लाडू वळत होतो. फ्रिजवरून आवाज आला.

‘हिरीत कुणी हाय का?’

तात्यांचा आवाज. हे वाक्य त्या मेसेजमध्ये नाही, मी तीनदा ऐकून पाहिलं. सासूबाईंनी लाडवावरची नजर काढली नाही. ‘न्हाय कुणी,’ म्हणाल्या. मोटार सुरू झाली.

म्हणजे त्या पुटपुटत नव्हत्या. मला आजवर ऐकू न आलेल्या हाकेला उत्तर देत होत्या.

१६ जानेवारी

आज सासूबाईंनी सांगितलं. चुलीपुढे बसून, न रडता. तात्या गेले त्या दिवशी लाइट गेली होती आणि ते व्हॉल्व्ह साफ करायला उतरले होते. आपल्या आवाजाशिवाय मोटार लागत नाही ही खात्री, म्हणून फ्यूज काढले नाहीत. लाइट आली. ते बागेत असतील असं समजून सासूबाईंनी मोबाइल डबीसमोर धरला. हाक मारली नाही.

तेराव्यानंतर डबी विचारायला लागली. एकदा त्यांनी खरं उत्तर दिलं, तुमीच हाय की हिरीत. त्यावर आवाज दिवसभर तेच विचारत राहिला. तेव्हापासून त्या ‘न्हाय’ म्हणतात. मग तो थांबतो.

त्यांना जवळ घ्यावं की लांब पळावं, मला कळेना.

१७ जानेवारी

सुयोगला सांगितलं. आईबद्दलचं नाही, तेवढं धाडस झालं नाही. फक्त आवाजाचं. चिडला. हब बिघडलाय म्हणाला. बाग सुकतेय, कळ्या गळतायत, दोन वर्षांची मेहनत आहे, रविवारी मी स्वतः उतरून व्हॉल्व्ह साफ करणार, असं त्याचं म्हणणं.

मग मीच हबची वायर काढून टाकली.

१८ जानेवारी

दुपारी डबीने पुन्हा विचारलं. वायर कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे.

उतरू नकोस म्हणून सुयोगच्या पाया पडले. तो हसला—

१९ जानेवारी, रविवार

लाइट नाही. सुयोग उतरलाय. जाताना फ्यूज काढून माझ्या पदरात टाकले, आता तरी झालं ना समाधान, म्हणाला.

सासूबाईंना हात धरून सांगितलंय. आज विचारलं तर सुयोग आत आहे म्हणायचं. त्यांनी मान हलवली. मी उंबऱ्यात बसलेय, त्यांच्यावर नजर ठेवून. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय. त्या डाळ निवडतायत—

विचारलं.

मी ओरडले, आहे, सुयोग आहे, तुमचा सुयोग. पुन्हा तेच. ‘हिरीत कुणी हाय का?’ माझं ऐकत नाही. माझं कधीच ऐकत नव्हता तो—

सासूबाईंना हलवतेय. सांगा, आई, सांगा ना—

त्यांनी सुपावरची नजर काढली नाही. रोजच्यासारखंच—

‘न्हाय कुणी.’

फ्यूज माझ्या पदरात आहेत. दोन्ही. बागेपलीकडे मोटार घुर