झोपाळू पॉवर बँक

चावामा, लुसाका
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय बुपे,

'प्रिय' वाचून तू हसली असशीलच. 'माकडखाऊ' लिहायला हात शिवशिवत होता, पण आवरला. आता एकदा लिहिलं ते लिहिलं. या पत्रात यापुढं माकड येणार नाही असं ठरवून बसलो आहे. का ते कळेल, जरा धीर धर. भावजयीला बरं नाही म्हणून कासामाला गेलीस, आंबे पिकायच्या आत येते म्हणालीस. आंबे आले, पडले, संपलेही.

इकडं सगळं होतं तसंच आहे. धरण आटलेलं, वीज मनात आलं तर येते, आणि अर्धं चावामा पॉवर बँका दुरुस्तीला घेऊन माझ्या ओसरीवर. परवा एक तरुण आला. त्याची उघडली तर आत एवढासा सेल आणि वजनाला वाळूची पुडी. मी वाळू फेकायला निघालो तर म्हणतो, "बाबा, राहू द्या ना, हलकी झाली तर विकली जायची नाही." तू असतीस तर त्याची सालटी काढली असतीस. मी नुसताच हसलो. सोल्डरिंगची सळी तापवायला हल्ली मलाच कोळसा पेटवावा लागतो. इतकी वर्षं मी ती तुझ्या वितुंबुवाच्या, पिठाचे गोळे तळायच्या शेगडीत खुपसत आलो. "माझ्या गोळ्यांना तुझ्या उंदरांचा वास लागतो," म्हणून तू बोंबलायचीस आणि तळता तळताच निखारे सारून सळीला जागा करून द्यायचीस. माझा कोळसा फार धुमसतो. तुझा कधी धुमसला नाही.

तू बेंबा, मी न्गोनी. आपल्या पणज्यांनी लढाया थांबवल्या तेव्हा म्हणे ठरलं, की यापुढं एकमेकांना फक्त तोंडानं मारायचं आणि त्याचा राग कुणी धरायचा नाही. तुम्ही आम्हाला उंदीरखाऊ म्हणायचं, आम्ही तुम्हाला ते दुसरं. माझी बायको आग्नेसी गेली तेव्हा तू तो हक्क पुरेपूर वसूल केलास. शवपेटी निघाली तर दारातच आडवी पडलीस आणि म्हणालीस, "एक उंदीरखाऊ कमी झाली, बरं झालं. हा दुसरा कधी जातोय?" मयतीला आलेले सगळे हसले. मीही हसलो, ती गेल्यापासून पहिल्यांदाच. शोक हलका करायची ती रीतच आहे. पण नंतर चुलीमागं, राखेच्या ढिगाजवळ, कमरेला गुंडाळलेल्या चितेंग्याचं टोक तोंडात कोंबून तू एकटीच रडत होतीस, ते मी पाहिलं. ते काही रीतीत बसत नाही. त्या दिवसापासून तुझ्या शिव्या मला निराळ्या ऐकू येऊ लागल्या.

मग तुझी ती पॉवर बँक. अंधार पडला की तू तिला तो बोटभर दिवा लावायचीस, आणि गोळे अर्धे तळून होईतो दिवा बंद. "उंदीरखाऊ, मेली बघ परत! काय दुरुस्त केलंस रे?" मी उठून यायचो, बटण दाबायचो, ती पुन्हा चालू. सेल चांगले, वायर चांगली, खोट कसलीच नाही. तुझा दिवा इतकं थोडं मागणारा, की तिला वाटायचं पलीकडं कुणी नाहीच, आणि ती झोपी जायची. हे मी तुला समजावून सांगितलं तेव्हा तू झारा थांबवलास आणि म्हणालीस, "म्हणजे तुझ्याचसारखी की." मला ते नेहमीचं चिडवणं वाटलं. आता सळी तापेपर्यंत मी त्याच वाक्याचा विचार करत बसतो.

गेल्या थंडीत तुझ्या शेगडीशी हात शेकत मी म्हणालो होतो, "बुपे, दोन घरांत दोन चुली कशाला? लग्न करू." तू झारा वर धरून गिऱ्हाइकांना सांगितलंस, "ऐका हो, उंदीरखाऊला बायको हवीय. मांजर पाळ म्हणावं!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. तुझं तरी काय चुकलं? मी तुला भर रस्त्यात 'बायको' म्हणत आलो, तू मला 'म्हातारा नवरा'. आपल्या दोन जमातींत तसं सगळेच म्हणतात. खरं बोलायला माझ्याकडं शब्दच शिल्लक नव्हता. फोनवरही प्रयत्न करून पाहिला. तू "बोल, उंदीरखाऊ" म्हणालीस आणि माझी जीभ सवयीच्या वाटेनं गेली.

मागच्या आठवड्यात तुझा भाचा आला. "आत्या आता तिकडंच राहणार, बाबा सोडत नाहीत," म्हणाला आणि पलंग, शेगडी घेऊन गेला. शेगडी असायची तिथं जमिनीवर काळं वर्तुळ राहिलं आहे. ओसरीपुढचं सगळं झाडतो, तेवढं झाडत नाही. मला तुझी फार आठवण येते, बुपे. हे मी साध्या शब्दांत लिहितो आहे.

हे पत्र कासोंडेचे बाबा घेऊन येतील. ते बेंबा, म्हणून तुमची रीत मी त्यांनाच विचारली. "चेष्टा करतोयस ना?" म्हणाले. नाही म्हटलं. माझ्या तोंडाकडं बघत त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मग आत जाऊन कोट घालून आले. त्यांच्याजवळ पांढऱ्या कापडात बांधलेल्या दोन ताटल्या आहेत, एकीवर दुसरी पालथी. ही मागणी आहे हे तुला सांगायला नको. ठेवून घेतल्यास तर होकार, परत आल्या तर नकार. आत रीतीप्रमाणं नाणं आहे, आणि नाण्याशेजारी तू इथंच ठेवून गेलेली तुझी पॉवर बँक. तिच्यात मी तांदळाएवढा एक रेझिस्टर सोल्डर केला आहे. तो सारखं थोडं थोडं मागत राहतो, त्यामुळं पलीकडं कुणीतरी आहे हे तिला कळतं. ताटल्या परत आल्या तर मी मनात काही धरणार नाही. भेटलीस की जुन्या शिव्यांपासून पुन्हा सुरुवात करीन. पॉवर बँक मात्र परत पाठवू नकोस, ती तुझीच आहे. तुझा तो बोटभर दिवा लाव आणि बघत बस. आता ती झोपत नाही.

तुझाच, आणि या वेळी चेष्टेनं नव्हे,
योटामू