एरंडाच्या तुऱ्याची कबुली

शहादा, फाल्गुन शुद्ध चतुर्थी

चि. पितांबर यास अनेक आशीर्वाद (तू सात महिने माझ्याशी बोलत नाहीस; पण आशीर्वादाला घेणाऱ्याची संमती लागते असं कुठल्याही शास्त्रात नाही). कळसाडीचा कापूस वेचून झाला असेल, तुझी कंबर जागेवर असेल. माझी प्रकृती विचारलीस (विचारली नाहीस, पण त्याशिवाय मजकूर पुढे सरकत नाही), तर ऐक.

गेल्या आषाढात तुझ्या ताईनं परसात, माझ्या खिडकीला लागून, एरंडाचं बी टोचलं. दरवर्षीचंच. गल्लीच्या होळीत मधोमध रोवायची एरंडाची फांदी आपल्या घरची असावी, हा तिचा मान. श्रावणात ती गेली. तेव्हा मी रडलो नाही. आल्यागेल्याला चटया टाकत, चहा विचारत हिंडलो. तिसऱ्या दिवशी तर भटजींचा एक मंत्र दुरुस्त केला. तू ते पाहिलंस आणि उठून गेलास. बरोबरच केलंस.

मग माघ लागला, एरंडाला तुरे आले आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. भाजी घेताना धार, वर्गात विभक्त्या घोकून घेताना धार. शेजारच्या कंकुबाई (उमेदमल शेटजींच्या मातोश्री) भिंतीवरून खिचडीचं पातेलं देत म्हणाल्या, "गुरुजी, आते बस करा. तिना जीवले बी तठे चैन पडाव नही." मी शिंकून होकार दिला. बातमी कळसाडीला पोचली आणि तुझा निरोप आला, "दाजी रडनात, मन्हा राग गया."

मी रडलो म्हणून तुझा राग गेला, हा निरोप मी मुकाट्यानं खिशात घातला असता. पण नंदुरबारच्या डॉक्टरांनी माझ्या हातावर बारा वनस्पतींच्या परागकणांचे थेंब ठेवून टोचून पाहिलं, त्यांत एरंडाची जागा बोराएवढी सुजली. तेव्हा पितांबर, ते रडणं नव्हतं, ॲलर्जी होती. तुझा राग तुला परत घेता येईल.

उपायही मिळाले: सकाळी वारं सुटलं की खिडकी बंद, बाहेर मास्क, घरी येताच अंघोळ, कपडे अंगणात वाळत घालायचे नाहीत, नाकात फवारा रोज (शिंक आली की तेवढ्यापुरता नव्हे), आणि झाड तोडा. बाकी सगळं पाळलं. शेवटच्या उपायासाठी तीनदा कोयता घेऊन परसात गेलो. एकदा धार नाही म्हणून परतलो, एकदा दिवस चांगला नाही म्हणून. तिसऱ्यांदा झाडाला पाणी घालून आलो.

कळावे, रागावून का होईना, पण उत्तर पाठव.

तुझा
दाजी

ता. क. होळीच्या दिवशी सकाळी कोयता घेऊन ये. मला जमायचं नाही. तिची फांदी तिच्या भावाच्या हातानं जाऊ दे.

आणखी ता. क. पुढच्या वर्षासाठी तिनं निवडून ठेवलेलं बी काल पावडरच्या एका रिकाम्या डब्यात सापडलं, वर तिच्या हातची चिंधी बांधलेली. ते तुझ्या बांधावर टोच. पुढच्या होळीची फांदी कळसाडीहून येऊ दे; मी मास्क लावून दारात उभा राहीन.

शेवटचा ता. क. फवाऱ्याला तीन आठवडे झाले. शिंका थांबल्या, नाक मोकळं आहे, खिडकी बंद आहे. डोळे मात्र काल तो डबा उघडल्यापासून थांबत नाहीत. कंकुबाईंनी विचारलं तर एरंडाचंच नाव सांग.