धाकट्या मामांना कसं बसवलं

इब्री, ओमान
१४ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप माणिकप्पा मामांना,

शंभुलिंगचा नमस्कार. मी इथं बरा आहे. तुम्ही, आई, राजेश्वरी मामी आणि घरातली सगळी बरी असाल असं धरून लिहायला बसलो आहे. सोयाबीन निघालं असेल. ज्वारी कशी उगवली ते कळवा. इथं उन्हाचा जोर आता उतरला आहे. सकाळी टँकरच्या काचेवर दव असतं आणि ते फडक्यानं पुसावं लागतं. इथं येण्याआधी कुणी असं सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

पत्र लोहाऱ्याच्या पंचाक्षरीबरोबर पाठवत आहे. तो इथं रोटीच्या भट्टीवर आहे आणि सुट्टीवर निघाला आहे. पाकीट तुमच्याच हातात द्यायचं, आईच्या किंवा मामीच्या नाही, असं त्याला दोनदा सांगितलं आहे.

परवा तुम्ही फोनवर एकच विचारलं, "हातात लिंग कुणाचं दिलंस?" आणि फोन कट झाला. रेंज गेली असं मी नंतर आईला सांगितलं. रेंज गेली नव्हती. बोलताना माझं पुढचं मागं होतं, म्हणून लिहितो.

आईकडून कळलं की इथून सुट्टीवर गेलेल्या तेरच्या भागवतनं घरी येऊन सांगितलं, धाकट्या मामांना, आपल्या सिद्धलिंगला, मुसलमानासारखं पुरलं. त्यावरून तुम्ही गणाराधना थांबवली. मातीच नीट झाली नाही तर जंगमांना कुठल्या तोंडानं जेवायला बोलवू, असं तुम्ही चारचौघांत म्हणालात. धाकटी मामी तेव्हापासून मागच्या खोलीत बसून असते आणि तिच्या हातचं पाणीही कुणी घेत नाही, हेही आईनंच सांगितलं. भागवत खोटं बोलला असं मी म्हणत नाही. तो कुंपणाच्या बाहेर उभा होता, आपल्यावर काही येईल म्हणून आत आला नाही. त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं सांगितलं. आत काय झालं ते मी सांगतो.

आमचं काम तुम्हाला माहीतच आहे. धाकटे मामा टँकर चालवायचे, मी क्लीनर. इब्रीत पाणी भरायचं आणि वाळूच्या बाजूच्या वस्त्यांना नेऊन टाक्या भरून द्यायच्या. रस्ता चांगला आहे, पण दोन्ही बाजूंना काही नाही. नुसती खडी, मग वाळू, मधूनच एखादं काटेरी झाड आणि त्याच्या सावलीला उंट. पहिल्या दिवशी मी विचारलं, "मामा, इथं बघायचं काय?" तर म्हणाले, "रस्ता बघ की. उंट आडवा आला तर आपल्या टँकरला न्हाय घाबरत त्यो."

त्याच दिवशीची अजून एक गोष्ट आहे. टँकरमध्ये चढताना त्यांना माझ्या गळ्यातला शिवदोर आणि त्यातली इष्टलिंगाची डबी दिसली. त्यांनी गाडी चालू केली आणि परत बंद केली.

"काढून घेतलं न्हाय व्हय रं, विमानतळावर?"

"न्हाय मामा. साहेबानं डबी उघडून बघितली. ये क्या म्हणाला. मी म्हटलं, मेरा भगवान. त्यानं परत दिली आणि म्हणाला, यल्ला, चलो."

"उघडून बघितली अन् दिली?"

"व्हय."

मग त्यांनी गाडी चालू केली आणि पहिल्या वस्तीपर्यंत नुसतं रस्त्याकडं बघितलं. माझं काही चुकलं असं मला वाटलं. निघताना तुम्ही मलाही सांगितलं होतं की त्या मुलखात असलं काही चालत नाही, फेकून देतात, विटंबना होते, तू पण ठेवून जा. मी ऐकलं नाही. साहेबाची भीती होतीच, पण गळ्यातून काढायची त्याहून जास्त होती. म्हणजे धीट होतो असं नाही.

रोज सकाळी आम्ही दोघं खाटेवर बसून पूजा करायचो. ते माझ्याकडं पाठ करून बसायचे. डावा हात पुढं धरलेला, वरून पंचा, मान खाली. मागून एवढंच दिसायचं. थोरल्या माणसाच्या पूजेत डोकावू नये म्हणून मीही कधी पुढं जाऊन बघितलं नाही.

गेले त्या दिवशी आम्ही भरलेला टँकर घेऊन निघालो होतो. त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले. मग म्हणाले, "शंभू, पाणी दे." मी बाटलीचं झाकण काढेपर्यंत संपलं होतं. पोलीस आले, दवाखान्यात नेलं. हे सगळं तुम्हाला फोनवर सांगितलं आहे.

त्यानंतर काय करायचं यावरून तुमचं आणि मामीचं जे झालं, ते मी दोन्हीकडून ऐकलं. तुम्ही म्हणालात, "पेटी आण. मी हैदराबादला गाडी घेऊन येतो." आमचा केरळचा सुपरवायझरही तेच म्हणत होता. हिंदू आहे, मस्कतला नेऊन जाळा, नाहीतर पेटीतून पाठवा. मी त्याला समजावलं की आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि झोपवून नाही. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. तो म्हणाला, "इतने साल में ऐसा हिंदू पहली बार सुना." पण माणूस चांगला. कागदांसाठी दहा ठिकाणी माझ्याबरोबर फिरला.

दवाखान्यातल्या नर्सनं मला पेटीचं सांगितलं. विमानानं न्यायचं तर शरीरात औषध भरावं लागतं. औषध भरलं की शरीर लाकडासारखं होतं, मग पाय मोडत नाहीत. मी मामीला फोन करून जसंच्या तसं सांगितलं. मग तिनं विचारलं, "म्हंजी हितं आणल्यावर मांडी घालता यायची न्हाय?"

"न्हाय मामी."

"आडवंच ठिवावं लागंल?"

"व्हय."

"मग नगं. तिथंच बसवा त्यांना." आणि तिनं संमतीच्या कागदावर सही करून फोटो पाठवला. सही तुम्हाला न विचारता केली, हे खरं आहे. पण तो मामीचा निर्णय होता आणि तिनं शेवटचं तोंड बघायचं सोडून दिलं ते धाकट्या मामांच्या मांडीसाठी. माती नीट व्हावी म्हणूनच तिनं माती इथं केली. तिला मागच्या खोलीत बसवताना हे तुमच्या लक्षात असावं म्हणून लिहिलं.

पत्र काल इथंच थांबलं. ड्युटी लागली होती. आज पुढं लिहितो.

इतर धर्माच्या लोकांसाठी गावाबाहेर कुंपण घातलेली जागा आहे. खड्डा खणायला खमीस नावाचा म्हातारा आणि त्याचे दोन पुतणे होते. हे लोक आमच्यासारखं मोडकं हिंदी बोलतात. मी चौकोनी खड्डा आखून दिला तेव्हा खमीस म्हणाला, "ये कबर है कि कुआँ?"

"आदमी बैठेगा इसमें, चाचा."

"बैठेगा?" त्यानं फावडं टेकवलं. "हमारा आदमी मरके लेटता, आराम करता. तुम्हारा मरके भी ड्यूटी पे बैठा?" पुतणे हसले. मलाही हसू आलं, मामा, हेही लिहून टाकतो.

वाळूच्या कडा ढासळायला लागल्या. खमीस म्हणाला, पाणी मार. आमचा टँकर बाहेरच उभा होता. मी पाइप ओढून आणला आणि कडा भिजवत गेलो, ते खणत गेले. आत भिंतीला माणूस बसवायचा कोनाडा लागतो, तो कसा सांगावा हे मला कळेना. हातानं दाखवलं तर खमीस म्हणाला, "ये हमको आता." त्यांच्यातही कबरीच्या कडेला कोनाडा कोरतात. त्यानं तो आपल्या गावाकडच्यापेक्षा साफ कोरला.

विभूतीची वडी मामांच्या ट्रंकेत होती. खड्ड्यात घालायचं मीठ कॅम्पच्या स्वयंपाकघरातून घेतलं. बेल मिळाला नाही. दुसरा कुठला पाला घालून त्याला बेल म्हटलं नाही. जंगम नव्हते. त्यांनी करायचं ते मी करू शकत नाही, म्हणून ते राहिलं. तुमच्या शास्त्रात एवढं कमी पडलं असेल. बाकी नमः शिवाय म्हणत आंघोळ घातली, विभूती लावली, मी आणि सुपरवायझरनं मिळून मांडी घातली आणि उत्तरेकडं तोंड करून बसवलं. मांडी नीट बसली. मान थोडी डावीकडं कलली, ती मी हातानं सरळ करून मागं मिठाची पिशवी टेकवली.

माती ओढून झाल्यावर खमीस आणि त्याचे पुतणे हात वर करून उभे राहिले आणि त्यांनी त्यांची दुआ म्हटली. भागवतनं बघितलं ते हे. मी त्यांना थांबवलं नाही. ज्यानं खड्डा खणला त्याला हात खाली कर म्हणायचं माझ्या तोंडातून निघालं नसतं.

आता तुम्ही विचारलेलं.

आंघोळ दवाखान्यात घातली. पंचा बाजूला केला तर गळ्यात काही नव्हतं. शिवदोर नाही, डबी नाही. मला वाटलं पोलिसांनी काढून ठेवली असेल. त्यांनी दिलेल्या पाकिटात घड्याळ, मोबाइल आणि लायसन होतं. नर्सला विचारलं, ती म्हणाली, आणलं तेव्हाही गळ्यात काही नव्हतं. टँकरची सीट उचलून बघितली. कॅम्पवर जाऊन ट्रंक पूर्ण रिकामी केली. इकडं पुरायच्या परवान्यावरची वेळ निघून चालली होती. शेवटी मामीला फोन केला.

ती म्हणाली, "त्यांच्याजवळ न्हाय ते. हितंच हाय."

"इथं म्हणजे?"

"थोरल्या भावजींच्या देवघरात. पयल्यांदा जाताना भावजीच म्हनले, तिकडं काढून घेत्यात, घरात ठिव. तवापासनं तसंच हाय. सुट्टीवर आले की गळ्यात घालायचे, निघताना भावजींच्या हातात द्यायचे. तुला ठावं न्हवतं?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे ते इतकी वर्षं रोज सकाळी रिकामा हात पुढं धरून बसत होते. त्यांनी पाठ का केली असायची हे मला तिथं, दवाखान्याच्या जिन्यात, फोन कानाला धरून कळलं. या सुट्टीवरून परतताना लिंग इकडं घेऊन येणार, असं त्यांनी मामीला सांगितलं होतं. तिनं असंही सांगितलं की विमानतळावर कुणी काढून घेत नाही हे त्यांनी तुम्हालाही फोनवर सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, त्या पोराचं नशीब, तुझं तसं असंल असं न्हाय.

मामा, तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच सांगितलं असणार. त्या वेळी आपल्या भागात सगळेच असं बोलायचे. मी तुम्हाला दोष द्यायला बसलेलो नाही. पण "हातात लिंग कुणाचं दिलंस" हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही. भागवतनं नाही, आईनं नाही. तो तुम्हीच विचारला, कारण त्यांचं लिंग कुठं आहे हे तुम्हाला माहीत होतं. गणाराधना भागवतच्या सांगण्यावरून नाही, तर कशासाठी थांबली आहे ते मला त्या फोनवर कळलं, म्हणून मी तो ठेवला.

मी माझं दिलं.

मी जन्मलो तेव्हा आपल्या जंगम अय्यांनी बांधलेलं, तेच. गाठ सुटेना, दोर कापावा लागला. त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. एकाचं लिंग दुसऱ्याच्या हातात चालतं का, हे मला माहीत नाही. मला विचारायला तिथं कुणी नव्हतं आणि रिकाम्या हातानं त्यांना अजून एकदा बसवणं मला जमलं नाही. त्यांचा हात भरलेला होता एवढं मी शपथेवर सांगतो. कुणालाही सांगा.

माझ्या गळ्यात आता काही नाही. सकाळी बाकीचे उठायच्या आधी मी बाहेर जाऊन उभा राहतो. पूजा काय करायची ते कळत नाही. जेवण होतं, पण लिंगपूजेशिवाय घास घेताना चोरून खाल्ल्यासारखं वाटतं. नवं लिंग कसं मिळतं, मिळतं की नाही, हे अय्यांना विचारावं लागेल. ते मी आल्यावर विचारीन. तेवढ्यासाठी तुम्ही थांबू नका.

गणाराधना करा. मामीला पुढं बसवा आणि तिच्या हातून वाढा. माती कशी झाली असं कुणी विचारलं तर हे पत्र दाखवा किंवा दाखवू नका, ते तुमच्यावर आहे. पंगतीत माझी आठवण काढून कुणी पान मांडत असेल तर मांडू देऊ नका. गळ्यात लिंग नाही तोवर मी त्या पंगतीतला नाही.

आईला मी यातलं काही कळवलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर ती गळ्याकडं बघते, म्हणून मी हल्ली शर्टाचं वरचं बटण लावून बसतो. तिला हे माझ्याकडून कळू नये. तुम्ही तिचे थोरले भाऊ आहात. तिच्यासमोर बसून तुम्हीच सांगा, शंभूनं आपलं लिंग सिद्धलिंगला दिलं. ती विचारील, का द्यावं लागलं. तेही तुम्हीच सांगा.

तुमच्या उत्तराची नाही, तिच्या फोनची वाट बघतो.

तुमचा भाचा,
शंभुलिंग